पाचव्या रिळात काय होतं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तर, चित्रपट संग्रहालयात एकतीस वर्षं जुन्या फिल्मा तपासून निवृत्त झालेली विधवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. छाती मात्र ठिकाणावर नाही, म्हणून ही घाई.

१. राहतं घर, आतल्या सामानासकट, आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या वन्संना, म्हणजे माझ्या दिवंगत पतीच्या थोरल्या बहिणीला, मिळावं. पती गेल्यापासून आम्ही दोघीच इथे राहतो. माझ्या भाच्याने यावर हक्क सांगू नये. तीन वर्षांत तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा भिंतींची मापं घेऊन गेला. दारामागची छत्री त्याला द्यावी. ती त्याचीच आहे.

२. फिल्म जोडायचं यंत्र आणि सुती हातमोजे संग्रहालयात माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावेत. सोबत एक सल्ला: डब्यावरच्या चिठ्ठीवर कधी विसंबू नका.

३. माझं भिंग चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्या प्रोफेसरांना द्यावं. त्यांना काही नसलेल्या जागीसुद्धा अर्थ दिसतो, त्यामुळे गरज नाही, तरी द्यावं. कारण पुढच्या कलमात आहे.

४. हे कलम मला घराबाहेर काढण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी वन्संना मोठ्याने वाचून दाखवावं. ऐकून त्या उठून आत गेल्या तर कोणी त्यांना बोलवायला जाऊ नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात काही दिग्दर्शक स्टुडिओ सोडून रस्त्यावर आले. नटांऐवजी येणारीजाणारी माणसं घेतली, दिव्यांऐवजी ऊन. आमच्याकडे त्या चळवळीतला पहिला चित्रपट वन्संच्या गल्लीत झाला. गोष्ट साधी: गल्ली रिकामी करायची नोटीस येते. वन्संची आई त्यात नळावर पाणी भरताना होती, असं शेजारणी सांगत. त्याच वर्षी ती तापाने गेली. वन्सं तेव्हा तीन वर्षांच्या, माझे पती अंगावर पिणारे. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

त्या काळची फिल्म आगलावी, आपोआप पेट घेणारी. म्हणून नवी कॉपी काढायची, ती पूर्ण पाहायची आणि मगच मूळ फिल्म जाळायची, असा संग्रहालयाचा नियम होता. साहेब रोज म्हणायचे, "बाई, डबे मोकळे करा." पण साहेबांवर ढकलणार नाही. पाचव्या रिळाच्या कॉपीची मी फक्त चिठ्ठी वाचली. डबा उघडला नाही. मूळ फिल्म मागच्या अंगणात नेऊन जाळली. पंधरा दिवसांनी कॉपी यंत्रावर चढवली तेव्हा कळलं: चौथ्या रिळाची कॉपी दोनदा निघाली होती, पाचव्याची एकदाही नाही. नोंदवहीत मी लिहिलं, "पाचवे रीळ मुळातच आलेले नाही." हे धडधडीत खोटं आहे.

पुढे मात्र कमालच झाली. चौथं रीळ नोटिशीवर संपतं आणि सहावं रिकाम्या गल्लीवर सुरू होतं. प्रोफेसरांनी पुस्तकात लिहिलं की दिग्दर्शकाने वियोग दाखवायचं जाणूनबुजून नाकारलं, आणि ही झेप म्हणजे त्या चळवळीचा कळस. परदेशातल्या महोत्सवांत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या निष्काळजीपणाची शैली झाली. मी गप्प बसले, कारण पोट होतं, आणि खरं सांगायचं तर लाजही होती.

मग एकदा संग्रहालयात खेळ लागला आणि वन्सं हौसेने आल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून शेवटपर्यंत बसल्या. आई आलीच नाही. बाहेर पडताना म्हणाल्या, "कापली असेल गं तिला. आमची आई दिसायला यथातथाच होती म्हणतात." घरी येताना त्यांनी एकच सांगितलं, की शूटिंगच्या दिवशी आपली एक चप्पल हरवली होती आणि आईने पाठीत धपाटा घातला होता. एका पायात चप्पल असलेली ती पोर मी पाहिली होती, मूळ रीळ कॉपीला पाठवण्याआधी तपासताना. पतीही मला शेवटपर्यंत विचारत गेले, "कुठे एखादा तुकडा सापडेल का?" मी "बघते" म्हणत राहिले.

म्हणून संग्रहालयाला माझी अखेरची विनंती: त्या दोन रिळांच्या मध्ये पाटी घालावी. "इथे एक रीळ होतं. ते तपासनीस बाईच्या चुकीने जळलं. त्यात नळावर एक बाई होती." प्रोफेसरांनी रागवावं, माझी हरकत नाही.

वन्सं, तुमच्या आईला कोणीही कापलं नव्हतं. ती चांगली मिनिटभर पडद्यावर होती. डाव्या हातात बादली, उजव्या हाताला लोंबकळलेल्या तुम्ही. बादली भरली तशी तिने खाली ठेवली, ओल्या हातानेच तुमचे केस मागे सारले, आणि कॅमेऱ्याकडे वळून पाहिलं. चेहरा कसा होता, हे तुम्ही विचारणार. तो मला सांगता येत नाही. माझं काम फिल्मच्या कडा तपासायचं होतं, वन्सं. ती पाहत होती तेव्हा मी कडेची भोकं मोजत होते.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली आहे.

सही: फिल्म तपासणारी, निवृत्त
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही) २. डॉक्टरीणबाई (सही)
स्थळ: राहत्या घराची मागची खोली, दार लावून
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२१