तुरीनच्या खानावळीत मुलांचं जेवण

३ मार्च १९६३

ह्यांचं पत्र आलं. इटलीत, तुरीनच्या मोटार कारखान्यातलं शिक्षण अजून दोन वर्षं चालणार. खोली मिळाली आहे, पण तिथं चूल पेटवायची परवानगी नाही. दोन्ही वेळा खालच्या खानावळीत जेवायचं, आणि हे दिवसभर कामावर. 'दोन लहान मुलांना घेऊन मागवून खाणं तुला एकटीला जमेल का? नाहीतर मुलं चिखलीलाच राहू देत.'

जमेल का म्हणे! सोबत इटालियन भाषेची छोटी पुस्तिका आहे. वीस वाक्यांखाली खुणा केल्यात. आठ दिवस पुरे.

६ मार्च

'रीसो इन ब्यांको' – नुसता पांढरा भात. 'सेंत्सा कार्ने' – मांस नको. 'मेत्सा पोर्त्सिओने' – अर्धं ताट. 'लात्ते तिएपीदो' – कोमट दूध. पोळ्या लाटताना म्हणत असते. शरयूचं माझ्याआधी पाठ झालं! अनंत तीन वर्षांचा, त्याला फक्त दुधाचं कळतं.

सासूबाई बघतात, बोलत नाहीत. नातवंडं इथंच राहावीत असं त्यांच्या मनात आहे. मी ओळखून आहे.

९ मार्च

एकोणीस पाठ.

११ मार्च

आज सासूबाईंनीच खेळ मांडला. मुलं पाटावर, मी शेजारी, आणि त्या खांद्यावर फडकं टाकून वाढपी. 'काय पाह्यजे वो बाई?' मी धडाधड मागवलं – भात, दूध, एक चमचा जास्तीचा. कुठंही अडखळले नाही.

'अन् तुले?'

'मुलांचं उरेल ते खाईन.'

'नीळकंठानं लिवलं न, लेकरायनं हात आखडला का ताट उचलून नेतात म्हून. मंग तू काय खाशीन?'

वीस वाक्यांत माझ्यासाठी एकही नाही. ह्यांनी खूण केली नाही – आणि माझ्याही लक्षात आलं नाही, याचा राग जास्त आला. घरात सगळ्यांच्या शेवटी बसायचं, मुलांच्या ताटातलं संपवायचं. सासूबाईंनी तेच केलं, चाळीस वर्षं.

पुस्तिका चाळली. 'पेर मे' – माझ्यासाठी. म्हणताना लाज वाटली. त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं. मग खरंच ताट वाढलं, मुलांच्याच पंगतीत. गरम भात खाल्ला.

१४ मार्च

ह्यांना लिहिलं – वीस पाठ आहेत, एकविसावं मी घातलं. तिकिटं तिघांची काढा.

५ एप्रिल

तिकिटांची तजवीज झाली. पाकिटात ह्यांनी सासूबाईंचं जानेवारीतलं पत्रही घातलंय. अक्षर शेजारच्या अन्नपूर्णाबाईंचं. मुलं ठेवून घेता का, असं ह्यांनी मला लिहायच्या आधीच त्यांना विचारलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर – 'लेकरं मले जड नाहीत. पण थे मायसंगच येतीन. तिले एकटीले बलावू नको.'

बाहेर त्या अनंतला भरवताहेत. आता त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ?