अँब्रोज स्कायची बारावी काठी

कॉर्बेट्स मिल,
सोमवार, ८ जुलै २०२४

प्रिय लायल,

तुझा गुडघा ताळ्यावर असेल आणि समुद्रावरचा वारा तुला मानवत असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. ऐकू कमी येतं, पण हल्ली लोक मला सांगण्यासारखं जे असतं ते ओरडूनच सांगतात, त्यामुळे अडत नाही.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र टेबलावर टाकून देशील. दोन दिवस राहू दे. मग उघड. बातमी चांगली आहे.

पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय लॅक्रॉस स्पर्धा यंदा आपल्या गावात आहे! १९ ते २५ ऑगस्ट. देशभरातून सोळा संघ येणार. गिरणी बंद पडल्यापासून जिथे माणूस फक्त रस्ता चुकला तर येतो, त्या कॉर्बेट्स मिलमध्ये. निवड कशी झाली, विचारू नकोस. मला वाटतं नकाशावर कुणाचं तरी बोट घसरलं असावं.

गावाला याचा फायदा काय, यावर नगरपालिकेने एक पत्रक काढलंय. मी ते दोनदा वाचलं आणि माझं समाधान झालं नाही. एका आठवड्याच्या पाहुण्यांनी गावाचं नेमकं काय बदलतं? म्हणून मी रोज दुपारी टोपी घालून स्वतःच बघायला निघतो. मोटेलवाल्या हेनीने पाटी रंगवली. नऊ वर्षं त्या पाटीतली दोन अक्षरं गळलेली होती. आता सगळी आहेत, आणि हेनी खाली उभी राहून पाटी अशी वाचते, जणू कुणाचं पत्र आलंय. सामने होतात त्या रिंकचं छप्पर गळायचं ते दुरुस्त झालं. चर्चच्या बायकांनी बटर टार्ट किती करायचे यावरून तीन आठवडे भांडण चालवलं, आणि गंमत म्हणजे या भांडणामुळे एकमेकींशी बोलत नसलेल्या दोघी बोलायला लागल्या. पत्रकात हे नाही.

बेचाळीस घरांनी पाहुणे ठेवून घ्यायचं कबूल केलं आहे. मीही. माझी आयरीन गेल्यापासून वरच्या खोलीत माझ्या कवितांची पुस्तकंच झोपतात. त्यांना सोबत होईल.

आता मुद्दा. शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी तीनला, जिंकणाऱ्यांना कप द्यायला कमिटीला तू हवा आहेस. गावाने पाहिलेला सगळ्यात चांगला खेळाडू तू, हे आजही कुणी नाकारत नाही. तिकिटाचं ते बघतील.

एक गोष्ट आधीच सांगतो, नंतर कळून तू चिडशील. रिंकच्या दर्शनी दालनात अँब्रोज स्कायने बनवलेल्या लॅक्रॉसच्या लाकडी काठ्या मांडणार आहेत. त्याची मुलगी लोर्ना नदीपलीकडच्या मोहॉक आदिवासींच्या वस्तीतून येऊन घरोघर विचारत फिरते आहे. अकरा मिळाल्या. तुझं नाव निघालं तेव्हा कमिटीतले सगळे कागद चाळायला लागले. लोर्नाच म्हणाली, "त्याने माझ्या बापाला भर रिंकमध्ये ठग म्हटलं होतं. तरी येऊ दे. बाबा त्याचा खेळ बघायला पाऊस असला तरी यायचे."

एकाहत्तरच्या त्या अंतिम सामन्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुझा शेवटचा गोल, त्यांच्या प्रशिक्षकाने काठी तपासायची मागणी करणं, पंचाने काठीच्या टोकाच्या जाळीदार झोळीत चेंडू ठेवून ती उलटी धरणं आणि चेंडू न पडणं. नियम साधा होता, काठी उलटी केली की चेंडू पडलाच पाहिजे. गोल गेला, कप गेला. आणि त्यानंतर अँब्रोजकडे कुणी काठी बांधायला टाकली नाही. पण तेव्हाच प्लास्टिकच्या काठ्या आल्या होत्या ना. त्याचा धंदा प्लास्टिकने बसवला, असं मी तरी धरून चाललोय.

असो. नदीवर या दिवसांत संध्याकाळी जो पिवळा उजेड पडतो, तो अजून तसाच आहे. शाळेत आपण पाठ केलेल्या त्या नदीच्या कवितेत होता तसा. ये.

वाट पाहणारा तुझा भाऊ,
मर्विन

*

कॉर्बेट्स मिल,
मंगळवार, २० ऑगस्ट २०२४

प्रिय लायल,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. "अँब्रोज स्कायच्या काठ्यांखाली उभा राहून मी कुणालाही कप देणार नाही. ज्याच्या हातच्या वाईट कामाने माझं तोंड काळं केलं, त्याचं प्रदर्शन गावाने मांडावं हे गावालाच शोभतं." अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं, निघायच्या घाईत असलेलं.

हे पत्र मी तातडीच्या टपालाने पाठवतो आहे. गुरुवारी तुला मिळेल. फोन तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी हे मला तोंडाने बोलता यायचं नाही.

आधी थोडं इकडचं सांगू दे. मला तेवढा श्वास घेऊ दे.

स्पर्धा काल सुरू झाली. गावातल्या रस्त्यावर माणसं एकमेकांना खेटून उभी आहेत, कल्पना कर! बेकरीतला पाव सकाळी नऊला संपला. वाचनालयात क्वेबेकची सहा मुलं शिरली, त्यांना पुस्तकं नको होती, पंखा हवा होता. पण जाताना एकाने नकाशांचं पुस्तक मागितलं. आपल्या गावातली चिमुरडी पोरं कुंपणाला नाकं लावून बघतात, आणि पुढच्या वर्षीच्या लॅक्रॉसच्या वर्गात एकतीस नावं आली आहेत. गेल्या वर्षी चार होती.

माझ्याकडे सस्कॅचेवानहून ब्रीआ नावाची तेरा वर्षांची मुलगी आणि तिची आई उतरल्या आहेत. मुलगी गोरीपान, कोपरं सोललेली, प्रश्नांनी भरलेली. मी शिकवायचो त्या वर्गातून कुणी पळून आल्यासारखी. काल सकाळी ती नाश्त्याला काठी घेऊनच बसली. तिची आई म्हणाली, "ब्रीआ, टेबलावरून ते उचल." तिने झोळीत चेंडू ठेवला आणि काठी माझ्या लापशीवर उलटी धरली. चेंडू थेट वाडग्यात.

"अगं!"

"सॉरी आजोबा. पण पडला ना? रोज बघायचं असतं."

"आणि नाही पडला तर?"

"तर मग मी चीटर," ती म्हणाली आणि माझ्याच चमच्याने चेंडू बाहेर काढला. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही असे का झालात? लापशी आहे अजून थोडी."

लायल, ते मी केलं होतं.

त्या दिवशी दुपारी जेवून तू झोपला होतास. काठी मागच्या पायरीवर टेकवलेली. नवीकोरी, अँब्रोजने आठवड्यापूर्वी दिलेली. झोळीची चामड्याची वादी अजून कडक. मी चोवीस वर्षांचा, शाळेत नुकताच लागलेला, आयुष्यात एकही गोल न केलेला. तुझ्या खेळात माझा एक तरी हात असावा असं मला वाटायचं. इतर पोरं काय करतात ते लांबून पाहिलेलं होतं: वादी कोमट पाण्याने भिजवायची, झोळीत चेंडू दाबून वर फडकं आवळायचं आणि उन्हात ठेवायचं. मी ते सगळं केलं. त्यानंतर दोऱ्या परत ताणून घ्यायच्या असतात, नाहीतर झोळी खोल होते आणि चेंडू धरून बसते, हे खेळणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. मला नव्हतं. संघाच्या गाडीचा हॉर्न वाजला, मी फडकं सोडलं, तू काठी उचलून पळालास.

त्या संध्याकाळी तुझ्या काठीतून एकदाही चेंडू निसटला नाही. मध्यंतरात तू मला म्हणालास, "मर्व, आज हातात काय आलंय कळत नाही." मला कळत होतं. मी केवढा खूश होतो!

मग पंचाने काठी उलटी धरली. सगळं रिंक त्या चेंडूकडे बघत होतं. मीही. मी तेव्हाच उठून बोलू शकलो असतो.

तू काठी कचऱ्याच्या पिंपात टाकलीस, अँब्रोजला ठग म्हणालास, आणि सप्टेंबरात पश्चिमेला निघून गेलास. काठी मी पिंपातून काढून आणली. कालपर्यंत ती माळ्यावर होती.

काल दुपारी ती घेऊन मी रिंकवर गेलो. लोर्ना एका पुतण्याकडून काठ्या टांगून घेत होती. त्यांच्यात बायका पुरुषांच्या लाकडी काठीला हात लावत नाहीत. ती काठी त्यांच्यासाठी औषध असते, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून खेळायची. ती दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती. मी शाळेत लागलो त्या वर्षी ती माझ्या वर्गात होती, अजून मला सर म्हणते.

"बारावी!" ती म्हणाली. "कुणाची, सर?"

"लायलची."

तिचा चेहरा बदलला. "मी हात लावत नाही. तुम्हीच फिरवा."

पुतण्याने चेंडू दिला. मी झोळीत ठेवला, काठी उलटी केली. चेंडू पडला नाही. त्रेपन्न वर्षांनीसुद्धा.

ती वाकून वादीकडे बघत राहिली. "ही बाबांच्या हातची ओढ नव्हे. हिला कुणीतरी भिजवलंय. भिजवून तशीच सोडलीय. कुठल्या गाढवाने—" आणि ती थांबली, कारण मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

मी सांगितलं. तुला वर लिहिलं ते सगळं. ती रागावली नाही, आणि तेच कठीण होतं. हात पाठीमागेच. मग म्हणाली, "सर, एक विचारू? त्या हिवाळ्यात बाबा तुमच्याकडे आले होते ना?"

हे मी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, लायल. आयरीनलाही नाही.

आले होते. डिसेंबरात, बर्फात, पायी. दारात उभे राहून टोपी काढली आणि म्हणाले, "पोराने काठी टाकली म्हणतात. तुमच्याकडे असेल तर एकदा दाखवा. माझं कुठे चुकलं ते बघायचंय, म्हणजे पुढच्याचं चुकणार नाही." काठी दाराआड होती. मी दार अर्धंच उघडलं होतं. मी म्हटलं, "नाही, ती गेली. जाळली." ते म्हणाले, "बरं." टोपी घातली. आणखी थोडा वेळ उभे राहिले, माझा काही विचार बदलतो का बघत असावेत. मग गेले.

लोर्ना म्हणाली, "बाबांनी पुढे तीन वर्षं काठ्या बनवल्या. एकही विकली नाही. बनवायचे, झोळी बघायचे, परत उसवायचे. काठीसाठी हिकरीचं झाड तोडायला जाताना त्याच्या बुंध्याशी तंबाखू ठेवून त्याची परवानगी मागायचे आणि म्हणायचे, हे झाड तरी मी वाया घालवू नये. आई म्हणायची, सोडा आता. मरेपर्यंत त्यांना वाटत होतं, आपला हात गेला."

प्लास्टिकने काही बसवलं नव्हतं, लायल.

मी तिला विचारलं, आता मी काय करू? ती म्हणाली, "मला विचारताय? कवितेतला एक शब्द चुकला म्हणून तुम्ही मला तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतंत. बरोबर म्हणेपर्यंत बसायचं नाही म्हणालात. या काठीखाली कार्ड लागणार आहे. लिहा तुम्हीच. तुमचं अक्षर चांगलं आहे, सगळ्यांना वाचता येईल."

मी लिहिलं. चार कागद फाडले. शेवटी एवढंच राहिलं:

"बनवणारे: अँब्रोज स्काय, १९७१. काम निर्दोष. झोळी मर्विन टॅगर्ट याने भिजवून बिघडवली. लायल टॅगर्ट याला हे माहीत नव्हतं. अँब्रोज स्काय काठी बघायला आले, तेव्हा त्यांना ती दाखवली नाही."

आज सकाळपासून लोक वाचताहेत. हेनीने वाचून माझ्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. तुझ्या संघातला बडी क्रॉफ्ट, आता काठी टेकत चालतो, तो म्हणाला, "मर्व, आम्ही तुझ्याच घरी बसून त्या माणसाला शिव्या दिल्या. तू आम्हाला चहा ओतत होतास." हो म्हटलं, ओतत होतो. ब्रीआने कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग तुमच्या भावाला तुम्ही सांगितलंत का?" म्हणून हे पत्र आजच.

एक बातमी मात्र आहे. दुपारी नदीपलीकडची दोन कुटुंबं आली. अँब्रोजच्या काठ्या त्यांच्याही घरी आहेत, पण आजवर त्यांनी त्या गावात आणल्या नव्हत्या. आता आणणार म्हणतात. गावाला या स्पर्धेने काय मिळतं हे मी महिनाभर विचारत फिरतो आहे. गावाला काय मिळायचं ते मिळो. त्या माणसाचं नाव त्याला परत मिळतंय. अर्धं. उरलेलं अर्धं तुझ्याकडे आहे, कारण ठग हा शब्द तुझा होता, आणि तो माझ्यामुळे होता.

तुझाही खेळ मी नेला, तुझं गाव नेलं. त्याची माफी मी या पत्रात मागत नाही, कागदावर ती स्वस्त पडेल.

रविवारी तीन वाजता. तू आलास तर लोर्ना दारातच असेल. ती तुझ्याकडून काही मागणार नाही, म्हणून तूच आधी बोल. माझ्याकडे आला नाहीस तरी चालेल. मी बाराव्या काठीपाशी उभा असेन, कार्ड कुणाला नीट दिसलं नाही तर वाचून दाखवायला. आणि आला नाहीस, तर कप लोर्नाच्या हातून दिला जाईल, आणि तिला तुझ्याबद्दल काय सांगायचं ते मला कळवायला तुझ्याकडे शुक्रवारचा एक दिवस आहे.

त्या हिवाळ्यात ज्याने दार अर्धंच उघडलं, तो तुझा भाऊ,
मर्विन