परक्यांचा मुलूख

बाबा, तुमचा शब्दकोश मी ठेवणार नाही. आई आता आमच्याकडे राहायला येते आहे, म्हणून श्रूजबरीचं घर रिकामं करत होते, तेव्हा तो तुमच्या खोलीत सापडला. ‘वेल्स’ या शब्दापाशी, समासात, तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं : ‘ते स्वतः म्हणतात कमरी. अर्थ : एका मुलखातले, आपली माणसं.’ म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं तुम्ही पडताळून पाहिलं होतंत.

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी मी त्याला पहिल्यांदा घरी आणलं. आई ओट्याशी पुऱ्या लाटते आहे, आणि तो मी शिकवल्याप्रमाणे तुम्हाला काका म्हणतो आहे. तुम्ही विचारता, घराणं मूळचं कुठलं? वेल्सचं, तो सांगतो. तुम्ही उठून शब्दकोश आणता, चष्मा लावून वाचता आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणता, “बघ, इंग्रजांनीच नाव ठेवलंय. वेल्स म्हणजे परके. गुलाम असाही अर्थ आहे. असल्याला जावई करून घेऊ?” आईचं लाटणं थांबतं.

“काय म्हणाले?” त्याने मला इंग्रजीत विचारलं.

“वेल्सचा अर्थ सांगतायत. परके.” बाकीचं मी गिळलं.

तो खूश झाला. “करेक्ट, काका! पण ते नाव बाहेरून आलेल्यांनी दिलं. माझे आजोबा कमरी म्हणायचे. म्हणजे आपली माणसं.”

तुम्ही शब्दकोश मिटलात. “आय अ‍ॅम नॉट युवर काका,” म्हणालात आणि जिना चढून गेलात.

लग्नाला आला नाहीत. नात झाली तेव्हा आई एकटीच ड्राइव्ह करून आली, बर्फातून. ऑफिसातले लोक तुमचं नाव मोडून स्वतःच्या सोयीचं करतात म्हणून तुम्ही रोज जेवताना धुमसायचात. दुसऱ्याने ठेवलेलं नाव कसं बोचतं हे तुम्हाला कुणी शिकवायला नको होतं. तुम्हाला कळलंच नसेल, अशी स्वतःची समजूत घालून इतकी वर्षं मी तुम्हाला थोडंथोडं माफ करत आले. आता तेही संपलं. तुम्हाला कळलं होतं. नीट लिहून ठेवण्याइतकं कळलं होतं, आणि तरी मरेपर्यंत एक फोन केला नाहीत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. नवऱ्याला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी काय गिळलं, तेही नाही. सांगितलं तर तो हसेल आणि तुम्हाला माफ करून मोकळा होईल. ते मला नको आहे.