खिडकीतलं हिरवं पाणी

भाऊजी,

अप्पांना घेऊन मी दवाखान्यात चालले आहे. तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

तुमचा नवा कॉम्प्युटर थंड राहावा म्हणून त्याच्या नळ्यांतून फिरवायचं ते हिरवं पाणी, रंग उजेडात कसा दिसतो ते बघायला तुम्ही सरबताच्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं. अप्पा त्यातलं पेलाभर प्यायले. दुपारी मला म्हणाले, "सूनबाई, सरबत गोड झालंय, लिंबू मात्र कमी पडलं." मी सरबत केलंच नव्हतं. पण हल्ली त्यांचं काहीतरी भलतंच चालतं, म्हणून मी नुसतं हो म्हटलं. मग ते गाणी म्हणायला लागले. जीभ अडखळत होती, पण कितीतरी दिवसांनी खुशीत दिसले, म्हणून मलाही बरंच वाटलं. आता हाका मारल्या तरी डोळे उघडत नाहीत.

त्या पाण्याचा मूळ डबा तुमच्या खोलीत असेल, तो घेऊन लगेच या. त्यात काय काय आहे ते डॉक्टर फोनवर विचारताहेत आणि मला सांगता येत नाही. उरलेली बाटली बेसिनखाली ठेवली आहे, तीही आणा, ओतून टाकू नका. टेबलावरचे तुमचे आराखडे आणि नळ्या मी हलवलेल्या नाहीत.

तुमचे दादा कामावरून परस्पर तिकडे येताहेत. अप्पा चुकून काहीतरी प्यायले, एवढंच मी त्यांना सांगितलंय. बाकीचं तुम्हीच सांगा. फक्त मी शेजारी असल्याशिवाय त्यांच्यासमोर जाऊ नका.

— वहिनी