कोऱ्या बाटलीतलं शिसं

प्रिय दादा,

आधी यंत्र बंद कर. भरलेली एकही बाटली आज बाहेर जाऊ देऊ नकोस. तू म्हणशील, धाकटीला पुन्हा हुक्की आली. यंत्र बंद करून ये, मग पुढचं वाच.

या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत बाजारातली नऊ बाटलीबंद सरबतं तपासायला आली. त्यांत शिसं आहे का, असलं तर किती, हे बघायचं होतं. साखर आणि आंबटपणामुळे आमचं यंत्र फसतं. म्हणून त्याच जातीचं, पण खात्रीने स्वच्छ असं एक सरबत सोबत ठेवतात आणि त्याचा आकडा बाकीच्यांतून वजा करतात. त्याला आम्ही ‘कोरा’ म्हणतो. आमच्याकडचा कोरा संपला होता आणि तू पाठवलेला तुझ्या सरबताचा खोका माझ्या टेबलाखालीच होता. मी तुझी बाटली फोडली. कोरा आधी साध्या शुद्ध पाण्याशी ताडून बघायचा, असा नियम आहे. चौदा वर्षांत तो मी एकदाही मोडला नव्हता, पण या वेळी मोडला. माझ्या दादाचं सरबत काय तपासायचं! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

नऊच्या नऊ नमुन्यांत शिसं शून्याच्या खाली आलं. आमच्या मोठ्या बाई हसून म्हणाल्या, हे कारखानदार सरबतातलं शिसं काढून घेऊन विकतात की काय! मला हसू आलं नाही. मी दोन दिवस काचसामान आम्लात भिजवून ठेवलं, परत परत धुतलं, आणि शेवटी यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावून त्याच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्या भल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, तुमचा कोरा एकदा पाण्याशी लावून बघा. मी लावला. मर्यादेच्या अकरापट! दादा, मी तो आकडा तीनदा वाचला. त्या नऊ जणांत काहीच नव्हतं. जे होतं ते तुझ्या बाटलीत होतं.

म्हणून मी रविवारी आले होते. तुला वाटलं, सहज आले. पर्समध्ये धुतलेल्या छोट्या बाटल्या होत्या. तुझ्या नळाचं पाणी घेतलं, फळांचा रस घेतला, मोठ्या टाकीच्या तोटीचं सकाळचं पहिलं सरबत घेतलं. तू चिडवलंस, सासरी प्यायला देत नाहीत वाटतं. मी हसले. आयुष्यात इतकं खोटं मी कधी हसले नसेन.

तेवढ्यात तुझी चिमू तिचा पेला घेऊन आली. रोज सकाळी टाकीचा पहिला पेला तिचा, तिने अंगठा वर केला की मगच यंत्र सुरू, ही तुमची पद्धत मला ठाऊक होती. किती कौतुकाने सांगत आले मी सगळ्यांना! त्या दिवशी मी तिच्या हातातला पेला उडवला. माशी पडली होती म्हणाले. ती रडली, तू माझ्यावर ओरडलास, आणि वहिनी फरशी पुसता पुसता सांगत राहिली, की हल्ली चिमूचं पोट सारखं दुखतं, चिडचिड करते, शिकलेली अक्षरं विसरते, डॉक्टरांनी जंताचं औषध दिलंय. निघताना वहिनीला माझी शपथ घातली, मी सांगेपर्यंत तिला सरबत द्यायचं नाही. का ते सांगितलं नाही. उगमाची खात्री करायच्या नावाखाली तीन दिवस गप्प बसले, याची मला लाज वाटते.

पाणी स्वच्छ आहे. रस स्वच्छ आहे. शिसं तोटीत आहे. बाबांच्या हातच्या त्या पितळी तोट्या तू हौसेने बसवल्यास. त्यांचे सांधे बाबांनी डाख देऊन जोडलेत, आणि डाखात शिसं असतं. पाण्यासाठी त्या चालल्या असतील, पण आंबट सरबत रात्रभर तिथे थांबलं की शिसं त्यात उतरतं. सगळ्यात जास्त उतरतं ते सकाळच्या पहिल्या पेल्यात. बाबांनाही ठाऊक नव्हतं, तुलाही नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं ते मला. गेल्या वर्षी तू सरबत तपासून घ्यायचं म्हणत होतास, तेव्हा मीच तुला उडवून लावलं होतं. घरचंच आहे, कशाला तो खटाटोप, असं म्हणाले होते. माझं ते वाक्य आता मला जेवू देत नाही.

हे फोनवर का नाही, असं वाटेल तुला. फोनवर तू नुसतं ‘अगं ऐक ना’ म्हणाला असतास, तरी मी विरघळले असते. म्हणून काल आधी अहवालावर सही केली. वर तुझ्या कारखान्याचं नाव आहे. उद्या माणसं येतील, टाकीला सील लावतील, दुकानांतल्या बाटल्या परत मागवतील. त्यांना सगळं दाखव, काही लपवू नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, जन्मभर. पण हे पत्र घेऊन आलेले तुझे मेहुणे गाडी चालू ठेवून दारात उभे आहेत. चिमूला उचल आणि निघ. तिचं रक्त आत्ताच तपासायचंय. डॉक्टर म्हणतात उपाय आहेत, पण किती शिरलंय ते कळल्याशिवाय ते काहीच सांगू शकत नाहीत. कुठे चाललोय असं तिने विचारलं तर आत्याकडे म्हण. ते खोटं नाही. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी आहे.

तू काहीही म्हणालास तरी तुझीच,
धाकटी