दोन आयांची पेज

स्फाक्स, ९ जानेवारी १९९२

ती. त्सुनेकोताईस,
सा. न. वि. वि.

खारवलेल्या उमे फळांची बरणी पोचली. कस्टमवाल्याला वाटलं हे काय भलतंच लाल लाल. त्यानं झाकण उघडून एक फळ तोंडात टाकलं, आणि आंबटपणानं त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की बाकीचं सामान न बघताच मला जा म्हणाला. आईला सांग, हसेल.

सासूबाईंना झटका येऊन पाच महिने झाले. ज्या लल्ला झोहरांच्या आवाजानं आमची गल्ली दचकायची, त्यांची आता डावी बाजू लुळी आणि जीभ जड. सप्टेंबरात माझी नणंद हायेत त्यांना हरभऱ्याचं सूप भरवत होती. घास अडकला, चेहरा निळा पडला, गेल्याच असं वाटलं. तेव्हापासून कुणी चमचा पुढे केला की भीतीनं थरथरायच्या. काही सुचेना म्हणून मी आपली साधी पेज केली. आई आपल्याला तापात द्यायची तीच, वाटीभर तांदळाला दहा वाट्या पाणी, मंद आच, आणि ढवळायची नाही. मी भरवली आणि सरळ खाली उतरली. घरातल्या सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या, मीही फुशारले. मूर्खच मी! आता दिवसातून चार वेळा पेज, आणि चमचा फक्त माझ्याच हातात चालतो. समुद्र आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. दोन महिन्यांत पाहिलेला नाही.

परवा फोनवर आई म्हणाली की ती मजेत आहे. मागे तू होतीस, तुझा खोकला ऐकू आला, पण तू फोन घेतला नाहीस. तुमचा फोन आईच्या उशाशी, आमचा सासूबाईंच्या. म्हणून पत्रानं विचारते. काय लपवतेस?

लोभ आहेच, तो इतक्या लांबवर पोचता ठेव.

तुझी
योशिए


मिनाबे, २ फेब्रुवारी १९९२

चि. योशिए हीस,
अ. उ. आ.

खोकला ओळखलास, शाबास. उमेला फुलं आली आहेत, सगळी टेकडी पांढरी झाली आहे, आणि मला ती बघवत नाही.

आईच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, फळं उतरवायच्या दिवसांपर्यंत काढेल न काढेल. तिनं मला शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही. मी ती मोडते आहे, पाप लागलं तर मला लागू दे. तिचं म्हणणं एकच, की सून आजारी सासूच्या उशापासून उठत नाही. तुला ठाऊक नाही, तू तेव्हा लहान होतीस. आपल्या आजीचं करता करता आईला स्वतःच्या आईचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. बातमी आली तेव्हा ती आजीची पेजच ढवळत... नाही, ढवळत नव्हती, नुसती बघत उभी होती. रडली नाही. ताटली धुतली. मी आठ वर्षांची होते, सगळं पाहिलं. तेच पुन्हा बघायची माझी तयारी नाही.

तू निघून ये. तुझ्या त्या कुरळ्या केसांच्या खलाशाला सांग, की ज्या कॅन्टीनमध्ये तू त्याला भेटलीस तिथली नोकरी तुला आईनंच मिळवून दिली होती. तेवढे उपकार त्यानं फेडावेत.

माझी प्रकृती ठीक. गुडघे कुरकुरतात.

ही माया तुझ्यापर्यंत येईतो शिळी न होवो.

त्सुनेको


स्फाक्स, २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी न्हाणीघरात दार लावून वाचलं. या घरात एकटं बसायला तेवढीच जागा आहे.

माझ्या खलाशाला, मोंधेरला सांगितलं. तो लगेच म्हणाला की जा, तिकीट मी काढतो, आणि मग लहान मुलासारखा रडला. रडता रडता त्यानं विचारलं की अम्मा काय खाईल. ताई, तो नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं गं. भांडले असते, आणि निघून आले असते.

हायेतला पेज शिकवली. पहिल्या दिवशी तिनं ती इतकी घोटली की खळ झाली. तिसऱ्या दिवशी मात्र अगदी माझ्यासारखी जमली. मी आडून बघत होते. चमचा ओठांपाशी गेला आणि सासूबाईंचे डोळे पांढरे झाले, पेज सगळी उशीवर. हायेत चमचा टाकून बाहेर पळाली, म्हणाली मी पुन्हा आईला मारायला जाणार नाही.

मग मी एक नीचपणा केला, तो तुलाच सांगते. एक दिवस पेजेत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. म्हटलं, माझ्या हाताचा भरवसा उडाला तर मी सुटले. त्यांनी पहिला चमचा घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटपर्यंत सगळी प्यायल्या. मग उजव्या हातानं माझा हात थोपटला. त्यांना वाटलं असेल, पोरगी दमली आहे, चुकली.

दार उघडं आहे, तिकिटाचे पैसे कपाटात आहेत, कुणी मला बांधून ठेवलेलं नाही. आणि माझा पाय निघत नाही.

आईला काय सांगशील ते सांग. माझ्यावर राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.

योशिए


मिनाबे, ११ मार्च

चि. योशिए हीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा संतापले. संतापाचं लिहिते, कारण रडण्याचं तुलाही येतं.

कुणाला तरी आपल्यावाचून चालत नाही, हे तुला आवडतं. इथे तू धाकटी होतीस, तुझ्यावाचून सगळं चालायचं. तिथे चालत नाही. म्हणून पाय निघत नाही, बाईसाहेब! मला विचार. मी अठ्ठेचाळीस वर्षं या टेकडीवरून हललेले नाही, आणि आईला माझ्या हातचं काही गोड लागत नाही. माझी पेज घट्ट असते म्हणे. योशिएची पातळ असायची, घशाला लागायची नाही. हे मला ऐकवते, मीच पुसलेल्या तोंडानं.

काल तिनं चार चमचे घेतले. परवा सहा होते.

येणार असशील तर ये. येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही, म्हणजे मी दुपारच्या बसचा आवाज आला की खिडकीशी जायची थांबेन.

त्सुनेको

(लोभाचं आज लिहवत नाही. आहे, पण लिहवत नाही.)


स्फाक्स, २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं बोललीस, लागलं. दिवसभर पत्र कपड्यांआड घेऊन हिंडले. चमचा धरतानाच रडू फुटलं. सासूबाईंनी, हिला काय झालं म्हणून, हायेतकडे बोट केलं, आणि हायेतनं त्यांना सगळं सांगून टाकलं. मी गेले पाच आठवडे जे त्यांच्यापासून लपवत होते ते सगळं, आईची गाठ, तुझी पत्रं, सगळं. मी तिच्यावर ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेले, तर सासूबाईंनी ओठ मिटले. मला वाटलं दुखतंय कुठे. दुपारीही तेच. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातातली वाटी चांगल्या हातानं ढकलून दिली आणि हायेतला खूण केली. हायेत लटलट कापत आली. सासूबाईही कापत होत्या. पण तोंड उघडलं त्यांनी! हायेतनं भरवलं, अडकलं, खोकला आला, आम्ही सगळे उभ्या उभ्या मेलो. खोकला थांबला तशी त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मग माझं मनगट धरून मला दाराच्या दिशेनं लोटलं. त्या बाईंच्या अंगात अजून इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

असं सलग चार दिवस चाललं आहे. हायेत आता पेजेत चिमूटभर हरीसा, इथली झणझणीत मिरचीची चटणी, घालते, मी बघितलं न बघितलं केलं.

तिकीट ४ तारखेचं मिळालं. हे पत्र माझ्याआधी पोचलं तर आईला तू काही सांगू नकोस, नाहीतर मी पोचायच्या आत ती मला परत पाठवेल. तू बसच्या वेळी खिडकीशी उभी राहा. एवढा लोभ कर.

योशिए


मिनाबे, १५ एप्रिल

ती. लल्ला झोहरा यांस,
सा. न. वि. वि.

हायेत, हे मोठ्यानं वाच, उजव्या कानाशी.

अम्मा, मी वेळेत पोचले. आई भेटली. फार बारीक झाली आहे, पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटत नाही. मला बघून तिनं पहिलं काय विचारलं असेल? की तुझ्या सासूला कोण भरवतंय. मी म्हटलं हायेत. तिला पटलं नाही, कारण माझ्याशिवाय तुमचं होत नाही हे मीच तिला महिनोन्महिने फोनवर ऐकवलं होतं. मी पेज करून आणली तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, तिथली उपाशी बाई टाकून आलीस, हे माझ्या घशाखाली उतरायचं नाही, परत जा. पूर्ण दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. माझी ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, दोन म्हाताऱ्यांनी मिळून आमचा छळ मांडलाय म्हणाली. मला हसावं की रडावं कळेना. तिथे तुम्ही ओठ मिटलेत मला इकडे पाठवायला, इथे हिनं मिटले तिकडे पाठवायला. मी मधल्या मध्ये वाटी धरून उभी.

संध्याकाळी मी तिला सगळं खरं सांगितलं. सप्टेंबरात तुमचा श्वास कसा अडकला होता ते, मी मीठ घातलं ते, आणि मी निघावं म्हणून तुम्ही थरथरत हायेतपुढे तोंड उघडलंत ते. मग तिनं विचारलं की तुझ्या सासूबाई माझ्याहून मोठ्या की धाकट्या. मी म्हटलं, तीन वर्षांनी मोठ्या. मग मोठ्या बाईचं ऐकायला हवं म्हणाली, आणि तोंड उघडलं.

डॉक्टर म्हणतात दिवस थोडे आहेत. ती जाईतो मी इथून हलणार नाही. मोंधेरला सांगा, त्याच्यावर माझा राग नाही.

रोज पहिल्या चमच्याआधी आई विचारते की तिकडे त्या जेवल्या का. मी हो म्हणते, तेव्हाच ती तोंड उघडते. इतक्या लांबून मला काय दिसणार? तरी हो म्हणते. अम्मा, तुमचा माझ्यावर लोभ आहे हे मी आता डोळ्यांनी पाहिलंय. तेवढ्यासाठी हायेतच्या हातचं खात राहा. मला खोटं पाडू नका.

तुमची सून
योशिए