लातुरातली ओली भिंत

लातूर, रविवार

तीर्थरूप व्यंकटीमामांना,

भागवतचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? सिंधुमामींनी तेल चोळून दिलं असेल आणि तुम्ही ते पुसून शेताकडं गेला असाल. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. आमचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं. फोन लावला की आई कान देऊन असते, आणि गोष्ट तिच्याबद्दलचीच आहे.

मामा, आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीला बुरशी आली आहे. लातुरात! ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं माझी भिंत ओली राहते म्हटल्यावर ऑफिसातले लोक अभिनंदन करतात. आधी पुसून काढली, मग चुना फासला, मग कपाट पुढं सरकवलं (दिसलं नाही की संपलं, हा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे). पंधरा दिवसांत कपाटातल्या माझ्या लग्नाच्या कोटाला हिरवट लव फुटली.

शेवटी घरमालक राजशेखर अप्पांना बोलावलं. बाहेरचा पावसाळी पाइप फुटका होता, ते त्यांनी कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी तो बदलूनही दिला. माणूस वाईट नाही. पण मग त्यांनी आत डोकावलं. सहा ड्रम, नऊ घागरी, आणि माझी लेक वर्षा बाळ असताना ज्यात आंघोळ करायची ते घंगाळ, सगळं काठोकाठ. खिडकी ड्रमांमागं गेलेली, ती दोन वर्षं उघडलेलीच नाही. अप्पा म्हणाले, "भागवत, भिंत माझी हाय, ओल तुमची हाय. माझं मी केलो, तुमचं तुम्ही बघा." आणि ते खरंच होतं.

हे भरणं आईचं. रेल्वेच्या पाण्याच्या त्या उन्हाळ्यात तिची मैत्रीण नागुबाई चाकूरहून उन्हातनं आली होती, आणि आईनं तिला अर्धा पेला पाणी दिलं. नागुबाईनं दुसरं मागितलं नाही. आई तो अर्धा पेला अजून भरतेच आहे. एकदा धीर करून बोललो, तर म्हणाली, "ड्रम न्हाई हालणार. भिंत हालव."

इकडं वर्षा महिनाभर खोकतेय. औषधाआधी खोली कोरडी करा, असं डॉक्टर म्हणाले. रात्री तिचा खोकला ऐकला की उठून तिची पाठ चोळत बसतो. बाकी सगळं ठीक.

तुमचा भाचा,
भागवत

ता. क. पत्र नुसतं खुशालीचं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. पंचमीला बहिणीला न्यायला या आणि पंधरा दिवस ठेवून घ्या. तेवढ्यात मी ड्रम रिकामे करतो. तिला मात्र यातलं काही कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. कळलं. मी पाकीट आणायला गेलो तेवढ्यात तिनं पत्र वाचलं, ओळीवर बोट ठेवून. आता माझं काही खरं नाही, असं वाटलं. तर एवढंच विचारलं, "लेकरू माझ्या पाण्यानं खोकतंय का रं?"  सकाळपासून ती गल्लीत दारोदार बादली देत सुटली आहे. पहिली अप्पांच्या दारात. हे काम माझं होतं, आणि मी ते तुमच्यावर ढकलत होतो, याची लाज वाटली. खिडकी उघडली आहे. एक ड्रम ठेवलाय, तो राहू दे.

न्यायला मात्र याच. तिच्या अंथरुणापाशी भरलेली घागर ठेवा. आणि तुमच्या लोह्यात आता नळ रोज येतो, असं मी तिला सांगून बसलोय. तेवढे पंधरा दिवस तो कसंही करून येऊ द्या.